ढमढेरे वकीलबाईंचे दिवाणी दावे

बार रूममधल्या शोकसभेत एक ज्येष्ठ वकील उठले आणि म्हणाले, "ढमढेरे मैडम बड़ी सौम्य महिला थीं। कभी किसी से ऊँची आवाज़ में बात नहीं की।" मग सगळे माना खाली घालून मौन पाळत उभे राहिले. मीही उभी राहिले, पण मी दात आवळून धरले होते. सौम्य म्हणे!

आवाज ती चढवत नसे, एवढं खरं. पण प्रमिला ढमढेरेचा राग उलट्या वाटेनं यायचा. ज्याच्यावर माया, त्याला 'तू'. ज्याचा राग, त्याला 'आप'. राग वाढला की 'श्रीमान'. आणि पार डोक्यात गेला की माणूस मराठी असेल तर 'अहो', तेही इतकं गोड की ऐकणाऱ्याला वाटावं आपला सत्कार चाललाय. शोकसभेत बोलणाऱ्या त्या गृहस्थांना ती कित्येक वर्षं 'श्रीमान' म्हणत होती. त्यांनी तो आदर समजून घरी नेला असणार.

आडनावाच्या बाबतीतही तिनं कधी कुणाला सोडलं नाही. इथल्या, ग्वाल्हेरच्या हिंदी जिभेला ढमढेरे झेपत नाही. पुकारा करणारा शिपाई, बाबू, समोरचे वकील, सगळे 'धमधेरे'. ती प्रत्येकाला थांबवायची. "ढमढेरे. ढक्कन का ढ। दोनों जगह।" नवीन बदलून आलेले एक जजसाहेब हसून म्हणाले, "मैडम, इससे फ़र्क़ क्या पड़ता है?" ती म्हणाली, "हुज़ूर, नाम ग़लत लिखा हो तो समन लौट आता है।" जजसाहेबांनी मुकाट्यानं ढ दुरुस्त करून घेतला.

शिंदे की छावनीत एका टेंट हाउसच्या, म्हणजे मांडववाल्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. खोली एक, टेबलं दोन. माझ्याकडे वारसा, वाटण्या, नामांतरणं, म्हणजे थोडक्यात भावाभावांची भांडणं. तिच्याकडे भाडेकरू आणि दुकानाचे गाळे. ही कामं तिनं पोटासाठी शेवटपर्यंत केली. पण खोलीत तिसऱ्या प्रकारचे अशील यायला लागले होते. जिना चढून वर आलेली मुलगी दारात घुटमळते आणि विचारते, "वह मैडम यहीं बैठती हैं?" कोण मॅडम, ते विचारावं लागत नसे.

अशी मुलगी आली की प्रमिलाताई आपल्या खुर्चीतून उठायची. तिची ती मोठी खुर्ची भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून ठेवलेली होती. मुलीला त्या खुर्चीत बसवायची आणि स्वतः अशिलाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. मला वाटे, हा काहीतरी मोठेपणा देण्याचा प्रकार आहे. एकदा विचारलं तर म्हणाली, "मोठेपणा कसला? पाठीमागं कोणी उभं राहिलेलं यांना चालत नाही. दार दिसलं की माणूस बोलतो."

काय झालं, हे ती पहिल्या भेटीत कधीच विचारत नसे. ते विचारणारे तिच्या आधी पुष्कळ होऊन गेलेले असत: पोलीस, डॉक्टर, मावश्या. ती विचारायची, "तुला काय पाहिजे?" बऱ्याच मुलींना हा प्रश्न कळायचाच नाही. त्यांना कुणी तो विचारलेलाच नसायचा. त्या आईकडे बघायच्या. मग प्रमिलाताई आईला गोड आवाजात म्हणायची, "आप ज़रा बाहर बैठिए।" आई उठून बाहेर जायची.

आमच्या खोलीत दोन शब्दांना बंदी होती, 'बिचारी' आणि 'इज्जत'. सुरुवातीला मी एकदा बोलून गेले, "बिचारी, किती लहान आहे गं." तिनं चष्मा काढला. "बिचारी कोण? ती दावा लावायला आली आहे, सुधा. बिचारा तो, ज्याच्यावर लागणार." आणि कुणी इज्जत गेली म्हणालं की विचारायची, "कुणाची? चोरी त्यानं केली ना? मग गेली कुणाची?"

शहरातल्या लष्कर भागातल्या एका चांगल्या घरची माणसं एकदा आली होती. चांगल्या म्हणजे दोन मजले आणि खाली दुकान. बाप, आई, आजी आणि कॉलेजातली मुलगी. धाकटा काका त्याच घरात राहणारा. काकानं काय केलं ते मी लिहिणार नाही. ते त्या मुलीचं आहे, तिनं सांगायचं तर ती सांगेल. घरच्यांनी मार्ग काढूनच आणला होता. बाप म्हणाला, "हिला इंदूरला हॉस्टेलला ठेवतो. तुम्ही फक्त त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या, की पुन्हा असं होणार नाही."

"आणि काकासाहेब?" प्रमिलाताईनं विचारलं.

"तो घरीच. दुकान आहे ना खाली."

"अस्सं. म्हणजे हात त्याचा आणि घर सोडायचं हिनं."

प्रमिलाताई मुलीकडे वळली. "तुला काय पाहिजे गं?"

मुलगी म्हणाली, "मला माझ्या खोलीत झोपायचंय. कडी न लावता."

घरगुती हिंसाचाराचा कायदा सुनांसाठी असतो असं लोकांना वाटतं. आमच्या बारमधल्या निम्म्या वकिलांनाही तसंच वाटतं. पण एका छपराखाली नात्यानं राहणारी कुठलीही बाई त्यात येते, लेक येते, बहीण येते, पुतणी येते. आणि त्या कायद्यानं कोर्ट माणसाला सांगू शकतं की घर तुझं असेल, पण तू आता इथे राहायचं नाही. कुणी तुरुंगात जात नाही. फक्त घराबाहेर जातं ते माणूस बदलतं. प्रमिलाताईनं अर्ज टाकला, बंद खोलीत सुनावणी मागून घेतली आणि हुकूम आणला. काकानं घर सोडायचं, मुलीच्या आसपास फिरकायचं नाही, कॉलेजपाशीही नाही.

हुकूम झाला त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आजीनं तिला गाठलं. म्हणाली, "पोटच्या पोराला घराबाहेर काढलंत माझ्या. तुम्हाला नाही ना मूल, म्हणून जमतं हे."

मी पुढे झाले, पण प्रमिलाताईनं हातानंच मला अडवलं. "अहो आजी," ती म्हणाली, "मुलगा तुम्ही घडवलात. मी फक्त त्याचा पत्ता बदलला."

काका पडाव भागात खोली घेऊन राहिला. घरातून त्याला डबा जायचा, दोन्ही वेळचा. त्याच घरात आजी नातीशी बोलत नव्हती. पण मुलगी स्वतःच्या खोलीत झोपत होती. कडी न लावता, असं तिनं फोन करून सांगितलं. प्रमिलाताईनं फोन ठेवला, आणि बराच वेळ टेबलावरच्या गजकच्या, तिळगुळाच्या कुरकुरीत वडीचे कडाकडा तुकडे करत राहिली. मी म्हटलं, "जिंकलीस ना, मग चिडलीस कशाला?"

"डबा जातो त्याला," ती म्हणाली. "डबा! दोन्ही वेळ!"

आमची ग्वाल्हेरची मराठी मंडळी थोडी. एकमेकांच्या घरातली लग्नं, मुंजी, कुणाचा मुलगा पुण्यात आणि कुणाचा अमेरिकेत, सगळं सगळ्यांना ठाऊक. त्या काकाच्या प्रकरणानंतर प्रमिलाताईला हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. तिनं त्याची पर्वा केली नाही. ती तशीही अविवाहित, सगळ्यात शेवटी बसवली जाणारी. पण लोक काय म्हणतात ते माझ्यापर्यंत यायचं. 'आपल्यातल्या गोष्टी ती चव्हाट्यावर आणते.' आपल्यातल्या! घाण करताना कुणी आपल्यातला असत नाही, झाकताना मात्र सगळे आपल्यातले.

हे 'आपलं' प्रकरण पूर्ण कळलं ते अनूच्या दाव्यात. अनू हे तिचं खरं नाव नव्हे. आणि ज्याच्याविरुद्ध दावा होता त्याचं खरं नाव लिहायची मला फार इच्छा आहे, पण अपील चालू आहे, म्हणून मी त्याला 'सर' म्हणते. सगळं गाव त्याला सरच म्हणतं. गणित शिकवायचा. आमच्या गणेशोत्सवात दर वर्षी आरतीला पहिल्या ओळीत. त्याच्या क्लासला गेलेली मुलं मोठी होऊन त्याच्या पाया पडायची.

अनूनं शाळेत असतानाच तोंड उघडलं होतं. फौजदारी खटला झाला. मैत्रीण साक्ष द्यायला उभी राहिली आणि उलटली, आई तारखांत अडखळली, आणि सर संशयाचा फायदा मिळून सुटला. सुटला त्या संध्याकाळी क्लासवर पेढे वाटले गेले. अपील करायचा हक्क मुलीकडच्यांनाही होता, पण अनू लहान होती, ठरवायचं वडिलांनी. वडील म्हणाले, "झालं तेवढं पुष्कळ झालं." मुदत निघून गेली.

अनू आमच्याकडे आली ती विशीतली. खांद्यावर कॉलेजची पिशवी, सोबत कुणी नाही. मोठ्या खुर्चीत बसली, दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, मी ऑलरेडी हरलेली आहे. मेरा केस तो ख़त्म हो गया।"

"तुझा केस सुरू कधी झाला होता?" प्रमिलाताई म्हणाली. "तो सरकारचा होता. तू त्यात साक्षीदार. बोलावलं की यायचं, विचारलं तेवढं सांगायचं. दिवाणीत तू वादी असते. कागदावर पहिलं नाव तुझं. त्याचं खाली."

"पण तो सुटलाय ना? जजनं लिहिलंय."

"जजनं काय लिहिलंय ते मी वाचलंय. 'संदेह का लाभ' लिहिलंय. तू खोटी आहे असं नाही लिहिलं. फौजदारीत माणूस तुरुंगात जातो, म्हणून शंकेला जरा जागा राहिली की आरोपी सुटतो. आणि ते बरोबर आहे, सोडलंच पाहिजे. पण दिवाणीत तराजू असतो. कुणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं, एवढंच. पारडं तुझ्याकडे थोडं झुकलं तरी पुरे."

अनू तिच्याकडे बघतच राहिली. "हे मला कुणी सांगितलं का नाही?"

प्रमिलाताईच्या कानामागची शीर उठलेली मला दिसली. तिनं विचारलं, "वाढदिवस कधी तुझा?"

लहानपणी झालेल्या गोष्टीसाठी अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांत दावा लावावा लागतो. अनूला एकवीस पूर्ण व्हायला जेमतेम महिना होता. महिन्यानं आली असती तर दार बंद झालं असतं. आणि हे तिला ना शाळेनं सांगितलं, ना खटल्यात कुणी, ना घरी कुणी. ती कॉलेजच्या लायब्ररीत एका जुन्या वर्तमानपत्रात काहीतरी वाचून आली होती.

"आता सांग," प्रमिलाताई म्हणाली. "तुला काय पाहिजे?"

अनूचं उत्तर तयार होतं. "लिहिलेलं पाहिजे. की हे झालं होतं. बस. पैसे नाही पाहिजेत मला."

"पैसे पण मागायचे. नुकसान झालं म्हणायचं आणि मागायचं काहीच नाही, असं कोर्टात चालत नाही. आणि त्याला दुसऱ्या कशानं दुखणार पण नाही."

दावा लागला. आठवडा गेला नसेल, तोच आमच्या गणेशोत्सव मंडळातले तिघं जिना चढून वर आले. पुढे निवृत्त बँक अधिकारी बापूसाहेब, हातात मिठाईचा डबा. प्रमिलाताईनं उठून त्यांना नमस्कार केला. मला कळलं, आता काही खरं नाही.

"वकीलबाई," बापूसाहेब म्हणाले, "सर आपले आहेत. चूकभूल प्रत्येकाची होते. कोर्टानं सोडलंय त्यांना. ग्वाल्हेरात मराठी माणूस उरलाय किती, आणि आपणच आपल्या माणसाला—"

"अहो बापूसाहेब," प्रमिलाताई म्हणाली, "मुलगी पण मराठीच आहे. मोजताना तिला धरलं नाहीत का?"

"तिचंच भलं बघतोय आम्ही. उद्या तिचं लग्न व्हायचंय."

"अहो, तिचं लग्न तुम्ही करून देणार आहात का? नाही ना? मग बसा. चहा घ्या. डबा मात्र घेऊन जा, आमच्याकडे पेढे सर सुटला तेव्हाच पोचले होते."

पेढे आमच्याकडे कुणी पाठवले नव्हते. पण बापूसाहेबांच्या घरी पोचले असणार, कारण ते लाल झाले. चहा न घेताच तिघं उतरले.

मग सरानं आपलं घर मेहुण्याच्या नावावर करायला काढलं. म्हणजे उद्या हरलो तरी हाती काही लागू नये. रजिस्ट्रीचं काम माझं, तिथली कुजबुज माझ्या कानावर आली आणि मी सांगितलं. प्रमिलाताईनं निकालाआधीच जप्तीचा अर्ज दिला. घर जागच्या जागी थांबलं. त्याला ते विकताही येईना, देताही येईना. त्या दिवशी ती पहिल्यांदा खूश दिसली.

सुनावणी बंद दाराआड झाली. वकीलपत्रावर तिनं माझंही नाव घातलं होतं, म्हणून मी आत होते. सराचे वकील सक्सेनाजी मोठे नावाजलेले. त्यांनी अनूला उलटतपासात विचारलं, "तो अब आप अपनी इज़्ज़त की क़ीमत लगा रही हैं?"

प्रमिलाताई अर्धी उठली. अनूनं तिच्याकडे न बघता हात जरासा वर केला, आणि प्रमिलाताई खाली बसली.

"इज़्ज़त मेरी नहीं गई," अनू म्हणाली. "दो साल की पढ़ाई गई। नींद गई। मैथ्स गया, जो मुझे सबसे अच्छा आता था। जो गया है वही माँग रही हूँ।"

सक्सेनाजींनी कागद चाळले. टंकलेखकाची बोटं थांबली होती. जजसाहेबच म्हणाले, "लिखिए, लिखिए।"

मग सराची पाळी. फौजदारी खटल्यात तो एक शब्द बोलला नव्हता. आरोपीला तो हक्क आहे. पण दिवाणीत प्रतिवादी पिंजऱ्यात आलाच नाही तर कोर्ट विचारतं, का आला नाही? म्हणून त्याला यावं लागलं. पांढरा सदरा, कपाळाला गंध. त्याच्या लेखी जबाबात होतं की मुली नेहमी गटानंच शिकायच्या, अनू एकटी कधी क्लासवर आलीच नाही, आणि रविवारी क्लासला कुलूप असायचं.

प्रमिलाताई त्याच्याशी इतकं अदबीनं बोलली की मला भीती वाटली. तिनं अनूचं नावच काढलं नाही. विचारलं, त्याच्या किती विद्यार्थ्यांना चांगले गुण मिळाले, कोण कुठे इंजिनिअर झालं. तो फुलला.

"श्रीमान, आपकी मेहनत का तो पूरा शहर क़ायल है। जो बच्चे कमज़ोर होते थे, उनका क्या करते थे आप?"

"मैडम, मैंने कभी किसी बच्चे को छोड़ा नहीं। अलग से बैठाता था। एक-एक को।"

"अच्छा। फ़ीस?"

"एक पैसा नहीं। छुट्टी के दिन अपना समय देता था।"

"छुट्टी के दिन, यानी इतवार को?"

"हाँ, इतवार को ही तो—" तो बोलला आणि थांबला. सक्सेनाजींनी डोळे मिटले.

"धन्यवाद, श्रीमान," प्रमिलाताई म्हणाली. "और कुछ नहीं पूछना।"

ती खाली बसली. मी तिला पाण्याचा ग्लास दिला तर म्हणाली, "तो गंध लावून आला, सुधा. गंध लावून."

निकाल पुढच्या हिवाळ्यात लागला. भरपाई मागितली होती त्याहून कमी मिळाली, पण दावा मंजूर झाला. नक्कल हाती आल्यावर अनू कोर्टाच्या पायरीवर बसली आणि पानं उलटत गेली. रक्कम कुठे लिहिलीय तिकडे तिचं लक्षच नव्हतं. एका ओळीवर येऊन ती थांबली आणि तिनं ती मोठ्यानं वाचली. "वादिनी का कथन विश्वसनीय एवं प्रमाणित पाया जाता है।" मग पुन्हा वाचली. ती तिसऱ्यांदा वाचायला लागली, तेव्हा प्रमिलाताई रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

अनू ती नक्कल घेऊन घरी गेली आणि वडिलांपुढे धरली. निकाल कुणालाच न दाखवायचा हक्क तिला होता, पण स्वतःच्या बापानं तो वाचावा असं तिला वाटत होतं. वडील एकाही तारखेला कोर्टात आले नव्हते. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

हे अनूनं दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं. रडत नव्हती. म्हणाली, "मी शाळेत असतानाच त्यांना सगळं सांगितलेलं, मॅडम. तेव्हाही असंच बोलले. 'झालं का तुझं सांगून?'"

प्रमिलाताईनं त्या दिवशी माझ्यासकट सगळ्यांना 'आप' म्हटलं.

सरानं वरच्या कोर्टात अपील केलं आहे. रकमेचा मोठा हिस्सा कोर्टात भरला तेव्हाच घराचा लिलाव थांबला. अपिलाचं वकीलपत्र आता माझ्याकडे आहे. क्लासची पाटी अजून आहे, पण जिन्याखाली चपला फार कमी दिसतात, आणि मुलींच्या तर दिसतच नाहीत. गणपतीत मात्र तो अजून पहिल्या ओळीत असतो. बापूसाहेब त्याच्या शेजारी. मी आरतीला जायचं सोडलं आहे. देवाशी माझं भांडण नाही, त्या ओळीशी आहे.

प्रमिलाताईचं दुखणं त्याच वर्षी कळलं. पोटाचं होतं, आणि उशिरा कळलं. मुरारच्या दवाखान्यातून दिल्लीला पाठवलं. तिथे ऑपरेशन झालं, आणि ती परत आलीच नाही.

तिला पाहिलं ते शेवटचं ग्वाल्हेरच्या स्टेशनात, दिल्लीच्या दुपारच्या गाडीवर. बहीण सोबत जाणार होती. मी आणि अनू पोचवायला गेलो होतो. प्रमिलाताई फार वाळली होती. साडी अंगावर राहत नव्हती म्हणून सलवार-कमीज घातलेला, आणि त्यात ती एखाद्या शाळकरी मुलीसारखी दिसत होती. गाडी लागली. बहीण सामान घेऊन आत गेली, अनू पाण्याची बाटली आणायला स्टॉलकडे गेली, आणि तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरून अनूचे वडील येताना दिसले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. घाईनं आले होते, धाप लागली होती.

डब्याच्या दाराशी प्रमिलाताई दांडी धरून उभी होती. ते तिच्यापुढे हात जोडून थांबले. "वकीलबाई, मला तुमची माफी मागायची आहे. मी आलो नाही कधी कोर्टात. यायला पाहिजे होतं. मला माफ करा."

मला वाटलं, आता ती विरघळेल. आजारी माणूस विरघळतो.

"अहो," ती म्हणाली, "माझी माफी कशाला? मी काय तुमची मुलगी आहे? खामखा एवढ्या लांब आलात."

"तसं नाही, पण तुम्ही एवढं केलंत—"

"अहो, मी फी घेतली. तुमच्या लेकीनं शिकवण्या करून दिली ती. तुम्हाला माहीत होतं?"

गाडीची शिट्टी झाली. बहिणीनं तिला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लागलं. वातानुकूलित डबा, खिडकीला जाड काळसर काच. क्षणभरानं त्या काचेमागे तिचा चेहरा आला. ती बसलीच नव्हती. एक हात वरच्या बर्थच्या कडेला, आणि तोंड चालू. एक अक्षर बाहेर येत नव्हतं, पण ती बोलत होती, सावकाश, शब्द न् शब्द सुटा करून. वडील हात जोडून मान हलवत होते, हो हो म्हणत होते. त्यांना काय कळत होतं देव जाणे.

मग तिनं एक बोट काचेला टेकवलं. बोट त्यांच्याकडे नव्हतं. त्यांच्या खांद्यावरून, त्यांच्या मागे, जिथे अनू बाटली हातात धरून उभी होती, तिकडे होतं. गाडी हलली. खिडकी सरकत गेली तसं ते बोटही काचेवर मागे मागे सरकत गेलं, अनूवरून न हटता, आणि दिसेनाशी होईपर्यंत ती बोलतच होती.